स्वस्त वस्तूची किंमत

सरकारी कचेरीतील खरेदी हा विषय प्रथमदर्शनी अत्यंत रुक्ष वाटणारा आहे. चौकशीपत्रे, निविदा, दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता, मंजुरीचे शेरे आणि अखेरीस भांडाराच्या नोंदवहीतील एक ओळ, एवढाच त्याचा संसार. त्यावर कोणी कविता लिहिल्याचे ऐकिवात नाही, आणि वृत्तपत्रे त्याची दखल घेतात ती बहुधा काही घोटाळा झाला तरच. तथापि, एखाद्या राज्याचे धोरण जेवढे त्याच्या घोषणांतून कळते त्याहून अधिक ते त्याच्या खरेदीतून कळते. सरकार काय विकत घेते, कोणाकडून घेते आणि घेतलेली वस्तू कशी वापरते, यावर कित्येक अरण्यांचे, नद्यांचे आणि माणसांचे भवितव्य अवलंबून असते.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले आहे. आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे, याविषयी त्यात जे सांगितले आहे तो सरकारी खरेदीचा एक नियमच होय. गलबतांना फळ्या आणि डोलकाठ्या लागणार, त्यांवाचून आरमार नाही आणि आरमारावाचून किनारा राखता येणार नाही. गरज खरी आणि निकडीची होती. तरीही अमात्य बजावतात की, राज्यातल्या अरण्यांतील सागासारखे वृक्ष तोडायचे ते वरून रीतसर परवानगी आणूनच. कमी पडेल तेवढे परक्या मुलखातून विकत आणावे. आणि रयतेच्या आंब्या-फणसांना, ते गलबतांच्या उपयोगी पडणारे असले तरी, हात लावू नये. कारण अशी झाडे एका-दोन पावसाळ्यांत उभी राहत नाहीत; लावणाऱ्याने ती जिवापाड जपलेली असतात. एखादे झाड अगदीच जुने आणि निरुपयोगी झाले असेल, तर धन्याची राजीखुशी पाहून आणि मोल चुकते करून ते न्यावे, जुलूम मात्र करू नये.

या आज्ञेत तीन प्रश्न दडलेले आहेत. वस्तू येते कोठून? ती पुन्हा निर्माण होण्यास किती काळ लागतो? आणि तिच्यापायी कोणाला काय सोसावे लागते? आजच्या काळात ज्याला हरित खरेदी असे म्हटले जाते, तिचे सारे सार या तीन प्रश्नांत आहे. नाव नवे आहे, विचार जुना आहे. मधल्या काळात तो विसरला गेला, एवढेच. त्या विस्मृतीची किंमत काय पडली, हे पाहण्यासाठी भारतीय रेल्वेसारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

रेल्वे ही प्रवाशांची वाहतूक करणारी संस्था म्हणून सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती देशातील सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. सुमारे ६९ हजार किलोमीटरांचा मार्ग, ७ हजारांहून अधिक स्थानके, बारा लाखांच्या आसपास कर्मचारी आणि दररोज दोन कोटींच्या घरात जाणारे प्रवासी, असा तिचा पसारा आहे. या पसाऱ्याला पोलाद लागते, सिमेंट लागते, वीज, तेल, कागद, कापड, साबण, दिवे आणि चहाचे पेलेही लागतात. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पसरलेली ही एकच एक कचेरी आहे, असे म्हटले तरी चालेल. तिच्या भांडार विभागातील एका निर्णयाचा परिणाम एखाद्या जिल्ह्याच्या शेतीवर किंवा एखाद्या पर्वताच्या उतारावर होऊ शकतो.

तो तसा झालाही आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत हिंदुस्थानभर रुळांचे जाळे विणले गेले. रुळांखाली आडवे स्लीपर लागत, मैलामागे दीड-दोन हजार. हिंदुस्थानातील ऊन, पाऊस आणि वाळवी यांना तोंड देत मुळातच टिकाव धरणारी लाकडे मोजकीच, साग, साल आणि देवदार. साग दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या अरण्यांतून येई, साल तराईतून आणि देवदार हिमालयाच्या उतारांवरून. देवदाराचे ओंडके पंजाबच्या नद्यांत सोडून देत आणि खाली मैदानात ते गोळा करीत. लाकडी स्लीपर काही अक्षय नव्हेत. दहा-पंधरा वर्षांत ते कुजत आणि बदलावे लागत. म्हणजे मार्ग एकदा बांधला की लाकडाची मागणी संपली असे नव्हे. ती कायमचीच जडली. ही तोड इतक्या वेगाने झाली की, अरण्यांवर देखरेख ठेवण्यासाठी १८६४ साली सरकारला वनखाते स्थापावे लागले आणि डीट्रिच ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाला त्याचा प्रमुख नेमावे लागले. रेल्वेला स्लीपर अखंड मिळत राहावेत, हा त्या खात्याच्या स्थापनेमागील एक मोठा हेतू होता. पुढे या खात्याने अरण्ये राखली खरी, पण अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क त्यात आवळले गेले, हेही तितकेच खरे.

त्या काळच्या हिशेबाच्या वह्यांत देवदाराच्या ओंडक्याचे मोल लिहिलेले असे, तोडीची मजुरी असे आणि वाहतुकीचा खर्च असे. परंतु उघड्या पडलेल्या डोंगराची माती वाहून गेली, झरे आटले किंवा खेड्यातल्या बाईला सरपणासाठी कोसभर अधिक चालावे लागले, तर ती रक्कम कोणत्या सदराखाली मांडायची? तसे सदरच वहीत नव्हते. खर्च झाला होता, पण तो खरेदी करणाऱ्याने केला नव्हता. दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर तो पडला होता.

स्वातंत्र्यानंतर लाकूड दुर्मिळ आणि महाग होऊ लागले. ओतीव लोखंडाचे आणि पोलादी पत्र्याचे स्लीपर वापरात होतेच. १९६०नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात पूर्वताणित काँक्रीटचे स्लीपर प्रयोगादाखल घालण्यात आले आणि हळूहळू मुख्य मार्गांवर तेच सर्वत्र आले. लाकडाच्या तुलनेत त्यांचे आयुष्य कित्येक पटींनी अधिक. परंतु हा बदल नुसत्या मागणीपत्रात एक शब्द खोडून दुसरा लिहिण्याइतका सोपा नव्हता. लाकडी स्लीपर चार गँगमन उचलून नेत. काँक्रीटचा स्लीपर पावणेतीनशे किलोंच्या आसपास भरतो. त्यासाठी यंत्रे आली. लाकूड धक्का सोसते, काँक्रीट सोसत नाही. म्हणून रुळाखाली रबराची गादी आणि लवचीक पोलादी चाप आले. वस्तू बदलली की कामाची रीतही बदलावी लागते, हा या प्रकरणाचा पहिला धडा. सिमेंट तयार करतानाही चुनखडी भाजावी लागते आणि हवेत धूर सोडावा लागतो, तेव्हा काँक्रीटही निर्दोष नव्हे. पण पन्नास वर्षे टिकणारी वस्तू आणि बारा वर्षांत कुजणारी वस्तू यांची तुलना केवळ खरेदीच्या दिवशीच्या भावावर करता येत नाही, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

दुसरा धडा याहून कठोर आहे, आणि तो माणसांविषयी आहे. १९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाच्या एका प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक तक्रारपत्र पाठवले. स्थानकावर शौचाला उतरलेला असताना गाडी निघून गेली आणि चारचौघांत फजिती झाली, अशी ती तक्रार. त्या पत्रामुळे खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचालये आली, असे सांगितले जाते, आणि या गोष्टीवर प्रवासी पिढ्यान्‌पिढ्या हसत आले आहेत. परंतु जी शौचालये आली त्यांची रचना काय होती? खाली एक नळकांडे, आणि त्याखाली उघडा रूळ. यापेक्षा स्वस्त योजना कोणत्याही कंत्राटदाराला सुचली नसती. टाकी नको, सफाईची यंत्रणा नको, देखभाल नको.

या स्वस्ताईचे पैसे भरले ते रुळावर काम करणाऱ्यांनी. पाठीवर हत्यारे घेऊन रोज मैलोगणती चालणारा आणि एकेक चाप तपासून पाहणारा चावीवाला, खडी भरणारा गँगमन आणि स्थानकांतील रूळ धुणारे सफाई कामगार यांच्या वाट्याला डब्यातील ती सारी घाण आली. या कामगारांत दलित समाजातील स्त्री-पुरुषांचा भरणा किती होता, हे सांगण्याची आवश्यकता नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेचे निर्मूलन करण्यासाठी २०१३ साली संसदेने जो कायदा केला, त्याच्या व्याख्येत रेल्वेमार्गाचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला. एका सरकारी खरेदीची ती शंभर वर्षांनंतरची नोंद होती.

आणि माणसांच्या दुःखाने ज्यांचे मन हलत नाही, त्यांच्यासाठी पोलादाचाही पुरावा होता. मैल्यातील क्षारांनी आणि ओलाव्याने रूळ गंजत होते, चाप झिजत होते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ साली आपल्या अहवालात या गंजाकडे लक्ष वेधले आणि सर्व डब्यांतील शौचालये पाच वर्षांच्या आत बदलावीत, अशी शिफारस केली. म्हणजे जी वस्तू स्वस्त म्हणून घेतली होती, ती शतकभर रूळ खात होती, आणि वेळेपूर्वी बदललेल्या त्या रुळांचा खर्च मात्र शौचालयाच्या खात्यावर कधीच दाखवला गेला नव्हता.

त्यानंतर जे घडले ते गौरवास्पद आहे. संरक्षण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अतिथंड प्रदेशातील सैनिकांसाठी एक युक्ती शोधली होती. हवेवाचून जगणाऱ्या जीवाणूंच्या साह्याने टाकीतच मैल्याचे विघटन करायचे, म्हणजे मागे पाणी आणि वायू एवढेच उरतात. हीच योजना डब्यांखाली बसवण्यात आली. २०२० सालच्या सुमारास सुमारे ७३ हजार डब्यांत अडीच लाखांहून अधिक जैव-शौचालये बसली होती. जगातील सर्वांत मोठ्या हरित खरेद्यांपैकी ही एक म्हणावी लागेल.

पण येथेही कथा सुखान्त होऊन थांबत नाही. महालेखापरीक्षकांनी २०१७ साली या योजनेची तपासणी केली, तेव्हा सुमारे २५ हजार शौचालयांत २०१६-१७ या एका वर्षात जवळजवळ दोन लाख दोष नोंदलेले आढळले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक तक्रारी तुंबण्याच्या होत्या. टाक्यांतून निघाल्या त्या पाण्याच्या बाटल्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या आणि चहाचे पेले. जीवाणू मैला खातात, प्लॅस्टिक खात नाहीत. प्रवाशाला कोणी हे समजावून सांगितले नव्हते. कित्येक ठिकाणी शौचालयात कचऱ्याचा साधा डबाही नव्हता. लक्षावधी रुपयांची टाकी विकत घेतली आणि दोनशे रुपयांचा डबा घ्यायचे राहिले, असा हा प्रकार. वस्तू भांडारात जमा झाली म्हणजे खरेदी पुरी झाली, असे सरकारी कचेऱ्या समजतात. वास्तविक त्या दिवशी ती सुरू होते. सफाई करणाऱ्याला शिकवणे, सुटे भाग वेळेवर मिळणे आणि वापरणाऱ्याला विश्वासात घेणे, या तिन्ही गोष्टी खरेदीचाच भाग होत.

मग प्रश्न असा पडतो की, शहाणी माणसे खुर्च्यांवर बसलेली असताना स्वस्ताच्या मागे सरकार का लागते? याचे उत्तर त्या माणसांच्या मूर्खपणात नाही, तर एका प्रामाणिक नियमात आहे. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावी, हा तो नियम. तो लोकांच्या पैशाच्या रक्षणासाठी आला. अधिकाऱ्याने आपल्या मेहुण्याचे दुकान चालवू नये, म्हणून त्याच्या हातातून निवड काढून घेतली आणि ती आकड्याच्या हाती दिली. यात गैर काही नाही. परंतु याचा परिणाम असा झाला की, ज्या कारकुनाने महाग पण टिकाऊ वस्तू सुचवली, त्याला लेखापरीक्षणाच्या वेळी चार पाने खुलासा लिहावा लागतो. आणि ज्याने स्वस्त पण वर्षात मोडणारी वस्तू घेतली, त्याला कोणी काही विचारत नाही. पुढच्या वर्षी ती पुन्हा घेतो तेव्हाही नियम पाळल्याचे समाधान त्याला असतेच. २०१६ साली सुरू झालेल्या सरकारी ई-बाजारपेठेने जुन्या कागदी दिरंगाईतून खरेदीची बरीच सुटका केली. पण संगणकालाही जो प्रश्न विचारावा त्याचेच उत्तर तो देतो. सर्वांत कमी दर कोणता, एवढेच विचारले तर तेवढेच कळणार.

यातून मार्ग नियम मोडण्यात नाही, दर या शब्दाचा अर्थ पुरा करण्यात आहे. वीजमंडळांनी तो मार्ग फार पूर्वीच शोधला. ट्रान्सफॉर्मर विकत घेताना ती केवळ किमतीची तुलना करीत नाहीत. ट्रान्सफॉर्मर रात्रंदिवस चालू असतो आणि आतल्या आत काही वीज वाया घालवतो. या वाया जाणाऱ्या विजेचे आयुष्यभराचे मोल काढून ते किमतीत मिळवतात आणि मग सर्वांत कमी कोण ते ठरवतात. समजा, एक ट्रान्सफॉर्मर लाखाचा आहे आणि दुसरा एक लाख वीस हजारांचा. पण दुसरा सतत शंभर वॅट कमी वीज गमावतो. वर्षाला ती बचत ८७६ युनिटांची झाली. युनिटास सात रुपये धरले, तर सहा हजारांहून अधिक रुपये वर्षाला वाचले. वरचे वीस हजार सव्वातीन वर्षांत फिटले, आणि ट्रान्सफॉर्मर तर वीस-पंचवीस वर्षे चालायचा. येथे सर्वांत कमी दराचा नियम तसाच राहिला, निवड आकड्यानेच केली, अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव दिला नाही. तरी निकाल उलटा लागला. पंखे, वातानुकूलन यंत्रे, पाण्याचे पंप आणि मोटारी यांनाही हेच गणित लागू पडते. २०१७च्या केंद्रीय वित्तीय नियमांनी विजेच्या उपकरणांवर ऊर्जाबचतीच्या ताऱ्यांची किमान अट घातली, ती याच दिशेने.

रेल्वेतच याचे आणखी एक उदाहरण आहे. लांब पल्ल्याच्या कित्येक गाड्यांना दोन्ही टोकांस एकेक जनित्राचा डबा असे. डब्यांतील दिवे, पंखे आणि थंड हवा यांसाठी त्यात डिझेल जळे. डोक्यावरून विजेची तार जात असताना खाली तेल जाळून वीज तयार करायची, असा हा विचित्र संसार वर्षानुवर्षे चालला होता. त्या डब्याजवळ बसणाऱ्या प्रवाशाला त्याचा आवाज आणि धूर ठाऊक आहे. पुढे इंजिनातूनच डब्यांना वीज पुरवण्याची पद्धत आली. तेल वाचले, स्थानकातील गोंगाट थांबला आणि जनित्राच्या एका डब्याची जागा प्रवाशांच्या व सामानाच्या उपयोगी पडली. अर्थात तारेतील वीजही बव्हंशी कोळशाचीच आहे, हे विसरून चालणार नाही. स्थानकांच्या छपरांवर आणि रिकाम्या जमिनींवर सौर पत्रे बसू लागले आहेत. गुवाहाटीचे स्थानक २०१७ साली संपूर्णपणे सौर विजेवर चालू लागले. पण कोळशाचा हिशेब अजून पुरता मिटलेला नाही.

मोठ्या गिऱ्हाइकाच्या अंगी आणखी एक सामर्थ्य असते. तो केवळ बाजारातून वस्तू घेत नाही, तो बाजार घडवतो. २०१४ सालच्या प्रारंभी सरकारी क्षेत्रातील ऊर्जाबचत कंपनीने एलईडी दिव्यांची खरेदी सुरू केली, तेव्हा एका दिव्यास ३१० रुपये पडले. मागणी लाखांची होती, ती कोटींची झाली. निविदांमागून निविदा निघाल्या. आणि २०१६ साली तोच भाव ३८ रुपयांवर आला. ‘उजाला’ योजनेखाली पुढे ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघर गेले. एकट्या गृहस्थाने कितीही घासाघीस केली असती, तरी हा भाव त्याला मिळाला नसता. उलट, गिऱ्हाईक पाठीशी उभे नसले म्हणजे काय होते, तेही पाहावे. निसर्गाला कमी अपाय करणाऱ्या वस्तू ओळखता याव्यात म्हणून भारत सरकारने १९९१ साली ‘इकोमार्क’ ही मुद्रा काढली. तिचे चिन्ह होते मातीचे मडके. मुद्रा सुंदर होती, हेतू चांगला होता. पण तिच्यासाठी पुढे आलेले कारखानदार फार थोडे. अशा वस्तू आवर्जून मागणारे निश्चित गिऱ्हाईक नव्हते, हे त्याचे एक कारण. सरकारने एका हाताने शिक्का दिला आणि दुसऱ्या हाताने बिनशिक्क्याचा माल घेतला. २०२४ साली या मुद्रेचे नियम नव्याने करण्यात आले आहेत. त्यांचे भवितव्यही सरकारच्या खरेदीपत्रकावरच ठरेल.

मडक्यावरून मातीच्या पेल्यांची आठवण होणे साहजिक आहे. २००४ साली रेल्वे स्थानकांवर प्लॅस्टिकऐवजी कुल्हडातून चहा द्यावा, असे फर्मान निघाले. कुंभाराला काम मिळणार, प्लॅस्टिक जाणार आणि चहाला मातीचा वास येणार, असा तो त्रिवेणी लाभ होता. लोकांना ती कल्पना मनापासून आवडली. परंतु काही वर्षांत कुल्हड बहुतेक ठिकाणांहून नाहीसे झाले आणि कागदी पेले आले. २०२०मध्ये चारशे स्थानकांसाठी ती योजना पुन्हा जाहीर करावी लागली. पुरवठा नियमित नव्हता, फूटतूट फार होती. शिवाय आणखी एक प्रश्न होता, जो भावनेच्या भरात कोणी विचारला नाही. कोट्यवधी पेल्यांची माती कोणत्या शेताची, आणि भट्टीतले सरपण कोणत्या रानाचे? एका घोटासाठी भाजून फेकून दिलेली माती पुन्हा शेताच्या कामी येत नाही. गावच्या बाजारात कुंभाराचे मडके शोभते. तेच देशव्यापी मागणीपत्रकात गेले की त्याचाही हिशेब करावा लागतो.

असाच अनुभव लाकडाच्या बाबतीत आला. अरण्ये वाचावीत म्हणून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ साली सरकारी इमारतींत लाकूड वापरण्यावर बंदी घातली. त्या काळी तो निर्णय योग्यच वाटला. दारे-खिडक्या ॲल्युमिनियमच्या, पोलादाच्या आणि प्लॅस्टिकच्या झाल्या. पण ॲल्युमिनियम काढायला किती वीज जळते आणि बॉक्साइटसाठी किती डोंगर खोदले जातात, हा हिशेब पुढे आला. शेताच्या बांधावर वाढवलेल्या लाकडाला सरकार गिऱ्हाईकच राहिले नाही, तेव्हा झाडे लावणाऱ्याचा उत्साहही मावळला. अखेर २०२० साली ही बंदी उठवण्यात आली. अमात्यांची आज्ञा येथे पुन्हा आठवते. त्यांनी लाकूड वर्ज्य केले नव्हते. कोणते लाकूड, कोठले, कोणाच्या संमतीने आणि किती, असे विचारायला सांगितले होते. हिरवा रंग दिलेली प्रत्येक वस्तू हरित नसते आणि करडी दिसणारी प्रत्येक वस्तू अपायकारक नसते. श्रद्धेने होणाऱ्या खरेदीपेक्षा मोजून होणारी खरेदी निसर्गाला अधिक मानवते.

आता कचेरीच्या आतल्या व्यवहाराकडे वळले पाहिजे, कारण उत्तम वस्तूही अजागळ हातात वाया जाते. ताऱ्यांचे वातानुकूलन यंत्र घ्यायचे आणि ते अठरा अंशांवर लावून अंगावर शाल पांघरायची, हे दृश्य कित्येक दालनांत दिसते. ऊर्जा कार्यक्षमता संस्थेच्या अंदाजाप्रमाणे तपमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. म्हणूनच २०२०पासून नवी यंत्रे मुळात चोवीस अंशांवर लावूनच विकली जातात. रेल्वेने आपल्या फायली संगणकावर नेल्या. भ्रमणध्वनीवरील संदेश तिकीट म्हणून २०१२पासून ग्राह्य धरला. डब्यांवर आरक्षणाचे तक्ते चिकटवणे अनेक स्थानकांवर बंद केले. यातून कागदाचे ढीग वाचले. पण जेथे संगणकावरची टिप्पणी साहेबांच्या सोयीसाठी छापून फाइलला लावली जाते, तेथे संगणकाची वीज आणि कागद असा दुहेरी खर्च होतो. डबे धुतलेले पाणी गाळून पुन्हा वापरणे, गळका नळ त्याच दिवशी दुरुस्त करणे, जुने संगणक आणि निकामी नळ्या भंगारवाल्याच्या पोत्यात न घालता अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे पाठवणे, या गोष्टींना उद्घाटन समारंभ नसतो. खरी काटकसर मात्र याच रोजच्या, कंटाळवाण्या कामांत असते. ती शिपायापासून सचिवापर्यंत सर्वांची आहे. आणि दालनातील दिवा मालवण्यासाठी घंटा वाजवून शिपायाला बोलावण्याची रीत जोपर्यंत आहे, तोपर्यंत ती अपुरीच राहील.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. देश गरीब आहे. ज्या पैशात एक उत्तम वस्तू येते त्याच पैशात दोन साध्या वस्तू येत असतील, तर दोन घ्याव्यात, दोन गावांची सोय होईल. पहिल्या दिवशी हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु ज्या देशाजवळ पैसा थोडा आहे त्यालाच एकच वस्तू पुनःपुन्हा विकत घेणे परवडत नाही. शेतकऱ्याच्या घरातील जाणती स्त्री विळा घेताना त्याचे पाते वाजवून पाहते. तो किती सुग्या चालेल हे ती विचारते. तिच्या हातात पैसा कमी असतो म्हणूनच ती हे विचारते. सरकारी भांडारात ही चौकशी होत नाही, कारण तेथील खर्च एका वर्षाच्या अंदाजपत्रकात मावला की पुरे होतो. पुढच्या वर्षीचा खर्च पुढच्या अधिकाऱ्याचा असतो. त्यातच बदलीचा हुकूम आला तर प्रश्नच मिटला.

म्हणून शेवटी सारा प्रश्न हिशेबाच्या वहीचा आहे. तिला आणखी काही सदरे जोडली पाहिजेत. वस्तू किती वर्षे टिकेल, चालवताना किती वीज आणि पाणी लागेल, निकामी झाल्यावर तिचे काय होईल, आणि तिच्यामुळे कोणाच्या अंगावर काम किंवा घाण पडेल. ही सदरे भरायला अधिक विद्वत्ता लागत नाही. लागतो तो थोडा वेळ आणि वरिष्ठांचा पाठिंबा. ज्या कारकुनाने ती प्रामाणिकपणे भरली, त्याला लेखापरीक्षकाच्या प्रश्नांपासून संरक्षण मिळाले पाहिजे. आज त्याला ते पुरते मिळत नाही, आणि म्हणून तो खालच्या रकमेवर खूण करून मोकळा होतो.

रुळावरून चालणाऱ्या त्या चावीवाल्याने कधी निविदा पाहिलेली नसते. दिल्लीतील खोलीत दरपत्रकांच्या तक्त्यावर कोणती खूण झाली, हे त्याला कळण्याचा संभव नसतो. परंतु त्या खुणेचा परिणाम त्याच्या डोक्यावरून जाणाऱ्या गाडीतून त्याच्यापर्यंत शंभर वर्षे पोहोचत होता. अमात्यांनी आंबा-फणसाच्या धन्याला विचारल्यावाचून झाड नेऊ नका असे सांगितले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर असाच कोणीतरी दूरचा, नाव नसलेला माणूस होता. तो डोळ्यांसमोर ठेवून जी खरेदी होते, तिला स्वस्त म्हणावे.